जेद्देवालीचं नाव

सौदीतल्या राबिघच्या आमच्या टूलरूमची खिडकी कमरेच्या उंचीवर होती. हत्यार घ्यायला येणाऱ्या माणसाला वाकून आत बोलावं लागायचं. हुसेनचाचांना ते पटायचं नाही. "माझ्यापुढे वाकायला मी काय पीर आहे?" असं म्हणून ते दार उघडून बाहेर यायचे आणि पाना, ग्राइंडर, चेनब्लॉक जे काय असेल ते माणसाच्या हातात द्यायचे. सेफ्टीवाल्या साहेबाने दोनदा हटकलं. दार बंदच राहिलं पाहिजे असा नियम होता. चाचांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर आले.

हत्यार नेताना आपला पितळी बिल्ला ठेवायचा, परत करताना घ्यायचा. प्रत्येकाचा नंबर वेगळा. चाचा तिथे पस्तीस वर्षं होते, पण नंबरने त्यांनी कधी कोणाला हाक मारली नाही. नेपाळी असो, बिहारी असो, नाव विचारून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांना आठवायचं. त्यांच्या हाताखाली एक मल्याळी होता. कोणी काही मागितलं की तो मागे न बघताच "नहीं है" म्हणायचा. चाचा स्टुलावरून विचारायचे, "नाही, की बघितलं नाहीस?" रोज दहा वेळा तरी हे वाक्य ऐकू यायचं. पुढे पुढे मल्याळी स्वतःच म्हणायला लागला, "नहीं है, देखा है."

मी तिथे गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, हेल्पर म्हणून. पहिल्याच आठवड्यात ऑफिसने एक फॉर्म दिला, अर्धा इंग्रजी, अर्धा अरबी. वाचून सही करून आण म्हणाले. मी तो घेऊन टूलरूमच्या सावलीत उभा राहिलो. दोनदा उलटा केला, दोनदा सुलटा. चाचा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चष्मा ऱ्हायला वाटतं रूमवर? आण इकडे, मी वाचतो."

मला चष्मा नव्हता. आजही नाही.

नंतर कळलं की अर्ध्या कॅम्पाचा चष्मा असाच रूमवर राहिलेला असतो. रजेचा अर्ज असो, इकाम्याचा, म्हणजे राहायच्या परवान्याचा, कागद असो, घरून आलेलं कोर्टाचं पत्र असो, चाचा सगळ्यांना हेच विचारायचे आणि इतक्या सहज विचारायचे की समोरच्यालाही क्षणभर वाटायचं, खरंच राहिला असेल.

मी आठवीतून शाळा सोडली. कारणं घरची होती, पण सोडली मीच. आमचे गुरुजी मला परत न्यायला दोनदा घरी आले होते. दुसऱ्या वेळी मी गोठ्यामागे लपलो आणि ते आईशी बोलून जाईपर्यंत बाहेर आलो नाही. हे इथे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावाचून कळणार नाही.

हेल्परचा फिटर व्हायचं तर ड्रॉइंग वाचता यावं लागतं. पाईप कुठे वर जातो, कुठे वळतो, ते सगळं कागदावर तिरक्या रेघांत असतं. मला त्या रेघा म्हणजे नुसत्या काड्या दिसायच्या. चाचांनी मला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं, वेल्डिंगची एक तार घेतली आणि ड्रॉइंगवरची लाईन बघत बघत ती वाकवली. एक वाकण वर, एक उजवीकडे, एक खाली. मग ती तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता ही धरून कागदाकडे बघ. कागद एकदम उभा राहिला. तीन महिने आम्ही असं केलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने मला विचारलं की ट्रेनिंग कुठे घेतलंस, तेव्हा मला टूलरूम म्हणायची लाज वाटली आणि मी मुंबई म्हणालो. चाचांना हे सांगितलं तर ते हसले. "बरं झालं. टूलरूमला सर्टिफिकेट छापायचा खर्च वाचला."

आज माझ्या घरावर स्लॅब आहे आणि दोन्ही पोरं शाळेत आहेत, ती त्या तारेच्या जोरावर. मी हे कधी त्यांना नीट सांगितलं नाही.

आम्ही दोघे एकाच खाडीचे. आमचं गाव खाडीच्या वरच्या अंगाला, चाचांचा मोहल्ला मुखाशी, आणि मधे तालुक्याचं शहर. इंग्रजांच्या काळात तिथे बंदर होतं, आगबोटी लागायच्या, आणि नगरपालिका तेव्हापासूनची. शहराचं नाव लिहीत नाही. तिथल्या कोणाची चूक काढायची नाही मला.

चाचांचे पणजोबा दाऊद सारंग. सारंग म्हणजे आगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम. हाजींना घेऊन मुंबईहून जेद्द्याला येणाऱ्या बोटींवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांची लग्नं किती झाली हे मोहल्ल्यात कोणालाच धड सांगता यायचं नाही. हलीमा म्हणून गावातली एक, ती सगळ्यांना मान्य. मुंबईत एक होती असं काही म्हणत. आणि एकदा परत येताना त्यांनी जेद्द्याहून एक बाई आणली. तिचं नाव मरियम, असं चाचांच्या घरात सांगत. मोहल्ला तिला जेद्देवालीच म्हणायचा. चाचा त्या मरियमच्या मुलाचे नातू. "कोणी दोन म्हणतं, कोणी चार," चाचा म्हणायचे. "पणजोबा माझे, पण त्यांचं रेशनकार्ड कोणाकडे नाही."

हसत सांगायचे, पण त्यातलं सगळंच हसण्यासारखं नव्हतं. हलीमाचे वंशज म्हणजे मोठं घर. त्यांचं म्हणणं, जेद्देवालीशी निकाह झालाच नाही, नुसती आणून ठेवली. जमातीच्या जेवणात चाचांच्या घराला जागा दाराजवळ. चाचा दहा वर्षांचे असताना मोठ्या घरच्या एकाने पंगतीत त्यांना विचारलं होतं, तुझी पणजी कुठल्या बाजारात मिळाली रे? सगळे हसले. चाचांचे वडीलही हसले. चाचांनी मला सांगितलं की त्या माणसाचं बोलणं ते कधीच विसरून गेले, बापाचं हसणं मात्र राहिलं.

एका शुक्रवारी त्यांनी मला जेद्द्याला नेलं. शराफिया बाजारात आम्ही केस कापून घेतले, मासे-भात खाल्ला, आणि मग ते मला बलदच्या जुन्या गल्ल्यांत घेऊन गेले. लाकडी जाळीच्या खिडक्या, खाली अत्तराची दुकानं. एका घरासमोर वेताच्या खुर्चीवर एक म्हातारा सौदी बसला होता. त्याचे वाडवडील हाजींची व्यवस्था बघायचे. चाचा त्याच्याकडे वर्षातून दोनदा तरी जात, हे मला तिथे कळलं. त्याने आम्हाला चहा दिला. चाचांनी पुन्हा मरियमच्या निकाहाचंच विचारलं असावं, कारण म्हाताऱ्याने हात पसरून तेच उत्तर दिल्यासारखं केलं. चाचांनी मला मराठीत सांगितलं, "म्हणतो, खलाशाच्या लग्नाला कागद कोण करत होतं? दोन साक्षीदार म्हणजेच कागद. साक्षीदार मेले, कागद संपला."

परतीच्या गाडीत ते म्हणाले, या देशात पस्तीस वर्षं काढली, तिच्या गल्लीत चहा प्यायलो, पण तिच्या नावाचं काही मिळालं नाही. मिळालं तर आपल्याकडेच मिळेल, इंग्रजांच्या दफ्तरात. त्या लोकांना लिहायची फार हौस.

तसा कागद असल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं. पुतण्याने सांगितलं की पालिकेच्या माळ्यावर जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या बासनात बांधून ठेवल्यात, सगळ्या मोडी लिपीत. आणि नेमकं त्याच वर्षी जमातीच्या तरुणांनी मोहल्ल्यातल्या घराण्यांच्या वंशावळीचं पुस्तक काढायचं ठरवलं. काम मोठ्या घरच्या सलीमकडे. चाचांनी दाऊद सारंगाच्या खाली हलीमाच्या शेजारी मरियमचं नाव कळवलं. सलीमचं उत्तर आलं, निकाहाचा पुरावा पाठवा. पुरावा नसेल तर तुमचं घराणं येईल, ती येणार नाही.

"मी आहे म्हणजे ती होती," चाचा म्हणाले. "पण असं पुस्तकात छापत नाहीत."

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. पुढच्या वर्षी त्यांची कायमची एक्झिट होती, नोकरी संपवून परत जायचं होतं, म्हणून त्यांनी रजा घेतली नव्हती. ऑपरेशन गावी जाऊनच करायचं होतं. पुस्तक तोवर थांबणार नव्हतं. माझी दोन महिन्यांची रजा लागली होती.

आमच्याकडे रजेवर जाणाऱ्या माणसाला सगळा कॅम्प आपापलं पार्सल देतो. खजूर, ब्लँकेट, बाम, झमझमच्या पाण्याच्या बाटल्या. कोणाची बायको रत्नागिरीत, कोणाची आई पोलादपूरला. ज्याने आज दुसऱ्याचं नेलं नाही त्याचं उद्या कोणी नेत नाही. चाचांनी मला पार्सल दिलं नाही. एक कागद दिला, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेला. दाऊद सारंग. मरियम. मुलगा अब्दुल्ला. प्लेगच्या साथीच्या आगेमागची वर्षं. आणि मला समजावून सांगितलं की जुन्या कागदांत बाईचं नाव आणि नवऱ्याचं नाव यांच्या मधे 'कोम' लिहीत. कोम म्हणजे लग्नाची बायको. मरियम कोम दाऊद, एवढं एका ओळीत मिळालं तरी पुरे.

"आणि दाऊदपुढे आणखी बाया निघाल्या तर त्याही उतरून आण," म्हणाले. "दोन निघोत, पाच निघोत. लाजायचं ते त्यांनी, आपण नुसतं मोजायचं."

मी पालिकेत गेलो. नवा शर्ट, हातात घड्याळ, सौदीवाला म्हणून लोक वळून बघत होते. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने माळ्यावरून एक बासन खाली आणलं, धूळ झटकली, वही माझ्यापुढे उघडली आणि म्हणाला, बघा. मी बघितलं. एकाला एक जोडलेली अक्षरं, ओळीच्या ओळी, मधे कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. मागे लोक उभे होते. मुलगा म्हणाला, मलाही येत नाही ही लिपी. दर गुरुवारी एक निवृत्त मास्तर येतात, ते फुकट वाचून देतात. अर्ज करा, मयताशी नातं लिहा, त्यांना भेटा. मास्तरांचं नाव त्याने सांगितलं. ते आमचे गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडी शिकून घेतली होती.

त्या गुरुवारी मी गेलो नाही. पुढच्या गुरुवारी, ते पालिकेत निघायच्या आधी, मी त्यांच्या घराच्या आळीपर्यंत गेलो. गुरुजी अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते, पाठमोरे, पहिल्यापेक्षा बारीक झालेले. मी पन्नास पावलांवर उभा. चाचांचा कागद खिशात. मनात म्हटलं, काय सांगू, गुरुजी, मला वाचता येत नाही, तुम्ही वाचा? त्यांनी त्यासाठीच तर दोनदा आमच्या घरापर्यंत पायपीट केली होती. तेवढ्यात त्यांनी मान वळवल्यासारखी वाटली आणि मी चालायला लागलो, उलट दिशेने.

मग रजेचे दिवस रजेत जातात तसे गेले. भावाकडे लग्न होतं, घराचं प्लॅस्टर होतं. मी बावीस पार्सलं घरोघर पोचवली, त्यातलं एक पोलादपूरला दोन एसट्या बदलून. फोटो काढून कॅम्पात पाठवले. चाचांचा कागद खिशातून पेटीत गेला आणि पेटीतून परत राबिघला आला.

उतरल्या दिवशीच मी टूलरूमवर गेलो, नंतर जायचा धीर झाला नसता म्हणून. वाटेवर ठरवलं होतं की सांगायचं, चाचा, नाही जमलं. तेवढं पुरेसं होतं. या माणसाला 'वाचता आलं नाही' म्हणणं जगात सगळ्यात सोपं होतं. त्यांनी स्वतःच म्हटलं असतं, चष्मा राहिला असेल. पण ते खुर्ची पुढे ओढून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी म्हणालो, "बघितलं चाचा. नाही सापडलं."

"सगळी वर्षं?"

"सगळी. आमच्या गुरुजींनी पान न् पान बघितलं."

गुरुजींना मी का मधे आणलं, ते मला अजून कळत नाही. पहिलं खोटं एकटं उभं राहत नव्हतं बहुतेक. मल्याळ्याला दिवसातून दहा वेळा विचारायचे तो प्रश्न चाचांनी मला विचारला नाही. ते म्हणाले, "बिचाऱ्या गुरुजींना केवढा त्रास," आणि त्यांच्यासाठी पाठवायला अजव्याच्या खजुराचा डबा विकत घेतो म्हणाले. खरंच घेतला. तो मी पुढच्या रजेवाल्याकडे माझ्या भावाच्या नावाने पाठवला. भावाने खाल्ला.

दोन दिवसांनी चाचांनी मला आपला फोन दिला. स्क्रीनवरची अक्षरं त्यांना आता दिसेनात. "जमातीला लिही," म्हणाले, आणि सावकाश सांगत गेले. जमातीस सलाम. पालिकेचं दफ्तर जाणकाराकडून पूर्ण तपासलं. मरियमचं नाव दाऊद सारंगांची बायको म्हणून कुठेही नाही. सबब माझी मागणी मी मागे घेतो. मी टाईप केलं. 'सबब' त्यांनी दोनदा सांगितलं, मला वाटलं होतं 'सगळं'. पाठवलं. फोन परत दिला. ते म्हणाले, "शुक्रिया बाळा, तुझ्यामुळे एक तरी गोष्ट निकालात निघाली."

पुस्तक सात-आठ महिन्यांनी आलं, कोणाच्या तरी पार्सलात. तोवर चाचांची एक्झिट तीन आठवड्यांवर आली होती. त्यांनी मला दुपारच्या सुट्टीत बोलावलं आणि पुस्तक पुढे केलं. गुळगुळीत कव्हर, मशिदीचा फोटो. "वाच आमचं पान," म्हणाले.

मी पान काढलं. वर दाऊद सारंग. शेजारी पत्नी हलीमा. तिच्या खाली जाड काळ्या रेघांनी मोठं घर, पोरं, नातवंडं, पार दुबईतल्या पणतूपर्यंत. आणि दाऊदपासून बाजूला एक वेगळी रेघ, तिच्या टोकाला अब्दुल्ला, त्याच्याखाली चाचांचे वडील, चाचा, त्यांची मुलं. मी सगळी नावं वाचली. चाचांनी शांतपणे ऐकलं.

मग विचारलं, "अब्दुल्लाची रेघ कशी आहे?"

मी पान डोळ्यांजवळ धरलं.

"कशी आहे रे? सरळ?"

"तुटक आहे चाचा."

ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं होतं. जो पाईप आपल्या कामात धरायचा नाही, तो तुटक काढतात. चाचांनी हात पुढे केला आणि पान बोटांनी चाचपलं, जणू तुटक छापलेली रेघ हाताला लागेल. तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. वही, काउंटर, जास्वंद, सगळं. खजुराचंही सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, कव्हरवरच्या मशिदीकडे बघत होतो.

मधेच एक नेपाळी चेनब्लॉक मागायला आला. चाचा उठले, चेनब्लॉक काढला, दार उघडून त्याच्या हातात दिला, बिल्ला खुंटीवर चाचपून अडकवला आणि परत येऊन बसले.

"म्हणजे बघितलंच नाही कोणी," म्हणाले.

"नाही."

मी वाट बघत होतो की आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गुरुजी हयात आहेत ना? मग फोन लाव."

भावाकडून नंबर घेतला. गुरुजींनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "आठवीतला दिनेश? गोठ्यामागचा?" म्हणजे त्यांना तेव्हाच दिसलो होतो. चाचांनी माझ्या हातून फोन घेतला आणि स्वतःच सगळं सांगितलं. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. आमच्याकडून आधी बघायचं राहून गेलं, एवढंच म्हणाले.

पाच दिवसांनी गुरुजींचा फोन आला. मी एकटाच होतो, पाईपरॅकखाली. गेल्या पावसात पालिकेचं छप्पर गळलं होतं. माळ्यावरची बासनं भिजली, बुरशी धरली, त्यातली बरीच साफसफाईत गेली. प्लेगच्या आगेमागची तर सगळीच. गुरुजी म्हणाले, "गेल्या वर्षी होती रे. माझ्या हाताखालून गेलीत ती पानं. पण मी काय दाऊद सारंग शोधत नव्हतो. मला कोणी सांगितलं असतं तर..." आणि तिथेच थांबले. वाक्य पुरं करायचं माझ्यावर सोडलं, ते मास्तर असल्यामुळे असेल.

एक घरपट्टीचा कागद मात्र त्यांना सापडला होता. दाऊद सारंग, एक कौलारू घर, आत बायकामाणसं तीन. नावं नाहीत. त्या दाऊदच्या लग्नाच्या बायका असतील, आई असेल, बहीण असेल, काही सांगता येत नाही.

हे सगळं मी चाचांना त्याच दिवशी सांगितलं, जसंच्या तसं. तीन बायकामाणसं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. "एक हलीमा धर. उरलेल्या दोन सलीमने सांगाव्यात कोण ते." मग बराच वेळ ते खुंटीवरच्या बिल्ल्यांकडे बघत बसले. त्यांना ते दिसत होते की नाही, कोण जाणे.

"चाचा, मी तेव्हाच गेलो असतो तर मिळालं असतं."

"मिळालं असतं किंवा नसतं," ते म्हणाले. "आता ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तू मला नाही म्हणून सांगितलंस, ते मी सात-आठ महिने घेऊन झोपलो. आता निदान ते 'नाही' तरी उरलं नाही." पुढे म्हणाले, "पण ती पानं होती रे दिनेश. ती होती." तेवढा एकदाच त्यांचा आवाज चढला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन माझ्या हातात दिला. जमातीला लिहायचं होतं. मी टूलरूमच्या पायरीवर बसलो, ते स्टुलावर. त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं: मागे मी कळवलं होतं की दफ्तर पूर्ण तपासलं. ते खरं नव्हतं. दफ्तर तपासलं गेलं नव्हतं. आता ती पानं उरली नाहीत. पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा मरियमचं नाव घाला असं म्हणत नाही. पण निकाह नव्हता असं दाखवू नका. माहीत नाही असं लिहा. चूक माझी.

"चाचा," मी म्हणालो, "चूक माझी आहे. माझं नाव घालू?"

"तुझं नाव कशाला? तुला तिथे कोण ओळखतं? पणजी माझी, काम माझं. मी दुसऱ्याच्या पार्सलात टाकलं, ती चूक माझीच. पाठव."

त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. मी एक ओळ वाढवली असती तर त्यांना कळलंही नसतं. दफ्तर बघितल्याचं खोटं मी सांगितलं, दिनेश अमुक अमुक, एवढी ओळ. अंगठा तिथे थांबला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ते लिहायलाच मी हे सगळं लिहायला बसलो. मनात आलं, हे कॅम्पात कळलं तर आपल्याला पुढे पार्सल कोण देईल, आणि आपलं कोण नेईल. मी ओळ वाढवली नाही. पाठवलं.

उत्तर लगेच आलं. सलीमचं. चाचांनी विचारलं, काय म्हणतो? हे मात्र मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं. हुसेनभाई, आधी बघितलं म्हणालात, आता नाही म्हणता. वय झालं तुमचं. पुस्तक छापून झालं. आराम करा, दुआ में याद रखना. खाली आणखी दोघातिघांनी हसण्याची चित्रं टाकली होती. तीही सांगितली.

चाचांनी मान हलवली. "बरोबर आहे त्याचं. मीही असंच म्हटलं असतं."

असा तो माणूस, साऱ्या कॅम्पाची लाज झाकणारा, आपल्या मोहल्ल्यात आज बोलणं फिरवणारा म्हातारा म्हणून बसला आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, असा त्यांचा आवाजातला निरोप आला होता. पोरांची चौकशी केली होती. मी तो पुष्कळदा ऐकला. उत्तर अजून पाठवलं नाही. हे छापून आलं तर एक प्रत सलीमला पाठवायची आहे, दुसरी गुरुजींना. पाठवीन असं आज तरी वाटतं.

ते गेले त्या सकाळी जेद्दा विमानतळाची बस गेटवर उभी होती. टूलरूमचे, फॅब्रिकेशनचे, मेसचे, वीस-पंचवीस जण आलो होतो. चाचा प्रत्येकाशी हात मिळवत चालले. समोर कोण ते आवाजावरून ओळखत. माझा हात हातात आल्यावर त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला आणि म्हणाले, "नवं ड्रॉइंग हातात आलं की आधी उत्तरेचा बाण बघ. तू घाई करतोस." मी हो म्हणालो.

ते बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि बाहेर बघायला लागले. सगळे हात हलवत होते. मीही हलवला. त्यांची नजर आमच्यावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग माझ्या शेजारच्या नेपाळ्यावर थांबली. तो माझ्याच उंचीचा, त्या दिवशी त्याच्याही अंगात निळा शर्ट होता. चाचा त्याच्याकडे बघून हसले, खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्याकडे हलवत राहिले आणि ओठांनी 'दिनेश' म्हणाले. नेपाळ्याने माझ्याकडे बघितलं. बस अजून उभीच होती. एक हाक मारली असती तर त्यांनी मान वळवली असती.

मी नेपाळ्याला खुणेने सांगितलं, तूच हात हलव.